स्कॉटिश आडनावाचं मूळ शोधताना: आधी कागद, मग कोश

मिरजेचं वानलेस हॉस्पिटल, कोल्हापुरातलं मेरी वानलेस, सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी. आपल्या भागात हे आडनाव इतकं रुळलंय की ते मुळात कुठल्या भाषेतलं, असा प्रश्न कुणाला पडत नाही. १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं करणारे डॉ. विल्यम वानलेस जन्माने कॅनडाचे. आडनाव मात्र स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरचं. स्कॉटिश आडनावाचा माग काढताना जे खड्डे लागतात, त्यातले बरेचसे या एका नावात आहेत. म्हणून सुरुवात इथून करू.

या नावाचा अर्थ सांगणारे चार जण भेटतील. पहिला आजची इंग्रजी डिक्शनरी उघडतो: 'वॉन' म्हणजे फिकट, 'लेस' म्हणजे नसलेला, तेव्हा वानलेस म्हणजे फिकट नसलेला, लालबुंद गालांचा. ऐकायला झकास, पण व्याकरणात बसत नाही. इंग्रजीतला 'लेस' नामाला लागतो, विशेषणाला नाही. 'होपलेस' होतं, 'रेडलेस' होत नाही. दुसरा जरा जास्त वाचलेला असतो. त्याला माहीत असतं की स्कॉट्स भाषेत (स्कॉटलंडची, इंग्रजीला जवळची भाषा) 'वान' हा नकार दाखवणारा उपसर्ग आहे, आपल्या 'अ' किंवा 'बे'सारखा. 'वानचान्सी' म्हणजे अभागी, भरवशाचा नसलेला. पण मग वानलेसमध्ये पुढेही नकार आणि मागेही नकार, मधे नाकारायला शब्दच उरत नाही.

तिसरं उत्तर मध्ययुगीन इंग्रजीतलं. तिथे 'वान' हे नाम होतं, अर्थ आशा किंवा अपेक्षा, आणि ते आलं होतं नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोकांच्या भाषेतून. 'वानलेस' म्हणजे आशा सुटलेला, हताश. नामाला 'लेस' लागलाय, व्याकरण बसतं, आणि टोपणनावाचं आडनाव होणं ही तर नेहमीची गोष्ट. चौथं उत्तर शिकारीतलं. त्याच काळात 'वानलास' असा शब्द होता: हरणांना वळवून, हाकून शिकाऱ्याच्या टप्प्यात आणायचं, म्हणजे आपल्या दाजीपूरच्या रानात ज्याला हाका घालणं म्हणत, तेच काम. ते काम करणाऱ्याला तेच नाव पडणं अगदी शक्य आहे.

ज्याच्या दवाखान्यात लोक आशेने जात, त्याचं आडनाव 'हताश', हा योगायोग भाषणाला बरा. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. तिसरं की चौथं हे कोश सांगू शकत नाही. ते ठरतं जुन्या कागदातल्या रूपांवरून. शेवट 'लेस', 'लेसे' असा जुन्यात जुन्या नोंदींत सातत्याने येत असेल तर हताशपणाकडे झुकायचं. 'लास', 'लेस्' अशी सरमिसळ असेल आणि सुरुवातीची रूपं 'लास'ची असतील तर हाक्याकडे. आणि नावाच्या आधी 'द' (इंग्रजीतला 'द' नव्हे, लॅटिन-फ्रेंचमधला 'डी-ई') आलं असेल तर दोन्ही सोडून नकाशा उघडायचा, कारण मग ते गावाचं नाव असणार.

हा नावाआधीचा छोटा शब्द म्हणजे या कामातली सगळ्यात उपयोगी खूण, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. बाराव्या-तेराव्या शतकातल्या स्कॉटिश सनदा लॅटिनमध्ये आहेत, अधूनमधून फ्रेंचमध्ये. त्यात माणसाचं नाव लिहिताना कारकून मधला शब्द बदलतो. 'द' म्हणजे अमुक गावचा, आपला 'कर'. 'ल' हे फ्रेंच उपपद आलं तर पुढे टोपणनाव किंवा धंदा. 'फिलियस' आलं तर पुढे बापाचं नाव. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकात हे शब्द गळायला लागतात, आणि ते गळाले की आडनाव मुकं होतं. त्यामुळे अर्थ शोधायचा तर ते गळण्याआधीची नोंद मिळवायची.

मराठी माणसाच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. ग्रँट डफ. साताऱ्याचा रेसिडेंट, १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा. हा जन्मला १७८९ मध्ये बॅन्फला, तेव्हा नुसता जेम्स ग्रँट होता. 'डफ' हे आईच्या माहेरचं, त्या बाजूची इस्टेट मिळाली तेव्हा जोडलेलं. ग्रँटच्या जुन्या नोंदींत 'ल ग्रँट' सापडतं. उपपद आहे, म्हणजे टोपणनाव, आणि शब्द फ्रेंच 'ग्राँ': मोठा, थोराड. डफ हा गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या भाषेतला, 'दुव': काळा, सावळा. एकाच माणसाच्या आडनावात नॉर्मन फ्रेंच आणि गेलिक शेजारी बसलेत. आपण पुणे-कोल्हापूरकर पिढ्यान्पिढ्या 'ग्रँट डफ' एका दमात म्हणतो, तो खरा 'थोराड काळा'.

कॅम्पबेलमध्ये हीच खूण उलटी चालते. कुण्या विद्वान कारकुनाने ते लॅटिनमध्ये 'द कॅम्पो बेलो' असं लिहिलं, म्हणजे 'सुंदर मैदानाचा', आणि नॉर्मन मुळाची कथा तयार झाली. पण सगळ्यात जुन्या नोंदींत 'द' नाही आणि 'प'सुद्धा नाही. नुसतं 'कॅम्बेल'. गेलिकमध्ये 'काम' म्हणजे वाकडा आणि 'बेल' म्हणजे तोंड. वाकड्या तोंडाचा. घराणं मोठं झालं की वाकडं तोंड लपवावंसं वाटतं, हे स्कॉटलंडपुरतं मर्यादित नाही. कॅमेरॉनही तसंच, वाकड्या नाकाचा. पण तिथे सावध राहायचं, कारण फाइफमध्ये कॅमेरॉन नावाची जागा आहे आणि सपाटीवरच्या कॅमेरॉनांपुढे 'द' येतं. एकाच आडनावाची दोन मुळं. घराणं डोंगरातलं की सपाटीवरचं, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

कथांबद्दल एक सांगायला हवं. मेजर डी. सी. ग्रॅहम यांनी १८५४ साली कोल्हापूर संस्थानावरचा अहवाल लिहिला, त्यामुळे इथल्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव नवीन नाही. ग्रॅहम आडनावाची लोकप्रिय कथा अशी की ग्रीम नावाच्या वीराने रोमन लोकांनी बांधलेली अँटोनाइन भिंत फोडली, म्हणून त्या भिंतीला 'ग्रॅहम्स डाइक' म्हणतात. कागद काय म्हणतो? बाराव्या शतकात, स्कॉटलंडचा राजा डेव्हिड पहिला याच्या राजवटीत, विल्यम 'द ग्रॅहम' दिसतो. 'द' आहे. आणि इंग्लंडमधल्या लिंकनशरचं ग्रँथम गाव ११ व्या शतकाच्या पाहणीत 'ग्रॅहम' अशा रूपातही नोंदलेलं आहे. भिंत फोडणारा वीर नंतर घडवला गेला. घोरपडीला दोर बांधून किल्ला चढल्याची घोरपड्यांची कथा आपण ऐकतो, ती सांगावी, पण तिच्यावर तारीख टाकू नये, तसंच हे.

फ्रेजरची गंमत वेगळी. राजर्षी शाहूंचे शिक्षक स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेजर. फ्रेजर घराण्याच्या ढालीवर स्ट्रॉबेरीची फुलं आहेत आणि फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला 'फ्रेझ' म्हणतात, म्हणून आडनाव स्ट्रॉबेरीवरून, असं बिनदिक्कत छापलं जातं. ११६० च्या सुमारास ईस्ट लोदियनमध्ये हे घराणं दिसतं तेव्हाची रूपं 'फ्रेसेल', 'फ्रिसेल' अशी आहेत. शेवटी 'ल' अक्षर आहे, 'र' नंतरचा. चिन्ह नावावरून आलं, नाव चिन्हावरून नाही. मूळ फ्रेंच हे बहुतेकांना मान्य, नेमकी जागा कुठली यावर एकमत नाही. तिथे थांबावं. साहेबांचं पहिलं नाव 'स्टुअर्ट' हेही मुळात आडनावच, आणि हुद्द्याचं: राजवाड्याचा कारभार पाहणारा 'स्ट्यूअर्ड'. आपल्याकडचे सरनोबत, फडणीस, चिटणीस याच जातीचे. मूळ स्पेलिंगमध्ये 'डब्ल्यू' होता. स्कॉटलंडची राणी मेरी फ्रान्समध्ये वाढली आणि फ्रेंच लिखाणात डब्ल्यू नको म्हणून 'यू'चं रूप रूढ झालं. स्टुअर्ट आणि स्ट्यूअर्ट ही दोन घराणी समजून वेगळे शोध घेणारे हकनाक निम्मे कागद गमावतात.

शेवटच्या अक्षरांवर भुलायचं नाही, याचा नमुना एल्फिन्स्टन. पेशवाईच्या कागदांतला अलपिष्टन. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'स्टोन' दिसतो आणि माणूस दगड शोधायला लागतो. ईस्ट लोदियनमधल्या त्या गावाच्या जुन्या रूपांत शेवट 'टुन' आहे, वाडी किंवा वस्ती, आणि आधीचा 'स' षष्ठीचा. अमक्याची वाडी. दगड स्पेलिंग करणाऱ्यांनी आणून टाकला.

गेलिकच्या 'मॅक'कडे वळू, कारण इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे. मॅक म्हणजे मुलगा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण मॅकच्या पुढचं नाव षष्ठीत जातं आणि त्याचं रूप बदलतं. आपलं सामान्यरूप ज्याला कळतं त्याला हे समजायला वेळ लागत नाही. गेलिकमध्ये बदल पुढच्या अक्षरालाही होतो: सुरुवातीचं व्यंजन मऊ पडतं, कधी पूर्ण गिळलं जातं. म्हणून मॅकडॉनल्ड आणि मॅककॉनेल ही दिसायला लांबची नावं गेलिकमध्ये एकच असू शकतात. दुसऱ्यात 'ड' मऊ होऊन नाहीसा झाला आणि मॅकचा 'क' पुढच्या शब्दाला चिकटला. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, पण त्यातला 'ट' सुताराच्या शब्दातला नाही, मधल्या उपपदाचा आहे. मॅकटॅगर्टमध्येही तसंच, धर्मगुरूसाठीचा शब्द 'स'ने सुरू होतो, तो 'स' बोलताना लोपतो आणि उपपदाचा 'ट' राहतो. जो माणूस 'टॅगर्ट' शब्द गेलिक कोशात शोधतो त्याला काही सापडत नाही, आणि मग तो तर्क लढवायला लागतो. मॅक्लीनच्या पोटात 'गिले' म्हणजे सेवक दडलेला आहे: संत जॉनच्या सेवकाचा मुलगा. मॅक्लाउड तर दिसायला पुरतं गेलिक, आत नॉर्स नाव 'ल्योट', अर्थ कुरूप. पश्चिमेच्या बेटांवर नॉर्स सत्ता होती, त्याचा हा अवशेष.

मॅक लिहायच्या तऱ्हा अनेक: पूर्ण, अर्धा, नुसता 'एम' आणि वर स्वल्पविराम. त्यावरून आयरिश की स्कॉटिश ठरतं ही समजूत दोन्ही देशांत पसरलीय आणि चुकीची आहे. तोच माणूस लग्नाच्या नोंदीत एक आणि मृत्यूच्या नोंदीत दुसरं लिहिला जातो.

स्पेलिंगचे सापळे आणखी आहेत. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा धरायचा नसतो हे माहीत असतं. जुन्या स्कॉट्समध्ये 'यू', 'व्ही' आणि 'डब्ल्यू' तसेच एकमेकांच्या जागी येतात, 'आय' आणि 'वाय' सुद्धा. 'व्हाइट' हे 'क्यू-यू-एच'ने सुरू झालेलं दिसेल, आणि यादीत 'क्यू'खाली जाईल. सगळ्यात फसवा 'झेड'. स्कॉट्समध्ये 'योघ' नावाचं एक अक्षर होतं, उच्चार 'य' किंवा 'ग'च्या जवळचा. छापखान्यात त्याचा खिळा नसायचा, म्हणून 'झेड' वापरला. त्यामुळे आपण 'मेंझिस' वाचतो ते स्कॉटलंडात 'मिंगिस', आणि 'डॅलझील' ते 'डीएल'. देवनागरीत लिहिताना उच्चाराचं लिहावं, पण शोध घेताना रोमन अक्षरंच धरावीत. स्ट्रॅचन 'स्ट्रॉन' आहे आणि कोल्क्वहून 'कहून' आहे, हे कळलं नाही तर भारतातल्या नोंदीत कानाने लिहिलेलं नाव ओळखूच येणार नाही.

आता कागद कुठून आणायचे. अर्थाची घाई सोडून आधी माणसाला मागे न्यायचं, पिढीपिढीने, त्याच्या पहिल्या ज्ञात स्कॉटिश पॅरिशपर्यंत, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावापर्यंत. दुवा आपल्या भागातला असेल, म्हणजे मुंबई इलाख्यातला लष्करी किंवा मिशनरी माणूस, तर त्याचा बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या 'एन/३' मालिकेत शोधायचं. 'एन/१' बंगालची, 'एन/२' मद्रासची. तिथून स्कॉटलंड. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी तिथे १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि ती इंग्लंडपेक्षा कितीतरी उदार आहे. मृत्यूच्या नोंदीत आई-बाप दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. म्हणजे १८५५ मध्ये ऐंशी वर्षांचा म्हातारा वारला तर तुम्ही एका कागदात १७७५ च्या आधीच्या पिढीवर पोचता. अडचण एकच: माहिती देणारा सून, जावई, शेजारी कुणीही असतो आणि सासूच्या माहेरचं नाव तो अंदाजाने सांगतो. दुसरी नोंद जुळल्याशिवाय ते पक्कं धरू नये.

जनगणना १८४१ पासून आहे. १८४१ ची अपुरी: त्याच काउंटीत जन्म की बाहेर, एवढंच लिहिलंय, आणि पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली ओढलेली. ४४ वर्षांचा माणूस ४० चा दिसतो आणि लोक त्याला वेगळा समजून सोडून देतात. १८५१ पासून जन्माची पॅरिश मिळते, तीच आपल्याला हवी. १८५५ च्या मागे चर्चची जुनी पॅरिश रजिस्टरं. सगळ्यात जुनं एरोल गावचं, १५५३ चं. पण त्यावरून आशा वाढवू नये, डोंगराळ भागातल्या कितीतरी पॅरिशांची रजिस्टरं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी सुरूच होत नाहीत. हे सगळं 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर कोल्हापुरात बसून बघता येतं. शोधताना नाव पूर्ण टाइप करू नका. ज्या स्वराबद्दल शंका त्या जागी प्रश्नचिन्ह, शेपटाबद्दल शंका असेल तर तारका. आणि बायका माहेरच्या आडनावाने शोधा. स्कॉटलंडात लग्नानंतरही कागदावर तेच नाव चालायचं, थडग्यावरसुद्धा.

पॅरिश हाती आली की मगच भाषा. कारण पॅरिशच सांगते कुठला कोश उघडायचा. लुईस बेटावर गेलिक आणि नॉर्स, बेरिकशरला स्कॉट्स आणि जुनी इंग्रजी, गॅलोवेत गेलिकच पण वेगळ्या चालीचं, क्लाइडच्या खोऱ्यात त्याखाली वेल्शला जवळची जुनी ब्रिटॉनिक भाषा. स्कॉट्ससाठी 'डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' मोफत आहे. त्यात दोन मोठे कोश एकत्र केलेत, एक १७०० पर्यंतचा, दुसरा त्यानंतरचा. आडनावासाठी पहिला बघायचा. जॉर्ज ब्लॅक यांचा स्कॉटिश आडनावांचा १९४६ चा ग्रंथ अजून लागतोच. त्यातल्या तारखा आणि जुनी रूपं उतरवून घ्या, अर्थ मात्र २०१६ च्या ऑक्सफर्ड कोशाशी ताडून बघा. १२९६ च्या 'रॅगमन रोल'मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याच्यापुढे निष्ठा सांगणाऱ्या जमीनदारांची नावं आहेत. आडनाव तिथे मिळालं तर रूप जुनं आणि तारीख पक्की. पण तो माणूस तुमचा पूर्वज, असं त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आडनावाचा अर्थ आणि घराण्याचा वंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावरच बंदी आली; मधे उठली, परत आली, आणि कायमची गेली १७७४ मध्ये. या काळात मॅकग्रेगरांनी मरे, ग्रॅहम, ड्रमंड, चक्क कॅम्पबेलसुद्धा लावलं. जमीन कसणाऱ्या कुळाने मोठ्या घराण्याचं आडनाव घेतल्याची उदाहरणंही भरपूर. याचं आश्चर्य इचलकरंजीजवळ राहणाऱ्याला वाटू नये. नारो महादेव जोशी सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढले आणि त्यांचे वंशज इचलकरंजीचे घोरपडे झाले. त्यांच्या आडनावाचा अर्थ सांगताना घोरपडीची कथा सांगणं बरोबर, पण ती त्यांच्या वंशाची नव्हे. शेटलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आडनाव पिढीगणिक बदलत होतं, बापाच्या नावाला 'सन' किंवा 'डॉटर' लावून. तिथे दोनशे वर्षांमागे आडनाव शोधणं म्हणजे आपल्या मधल्या नावावरून खापरपणजोबा शोधणं.

विल्सनसारख्या नावावर फार वेळ घालवू नये. लक्ष्मीपुरीकडच्या विल्सन पुलामुळे नाव तोंडात असतं. अर्थ विलचा मुलगा, आणि विल सगळीकडे होते, स्कॉटलंड-इंग्लंड दोन्ही देशांत. एक मूळ शोधायला ते नाव एका जागी सुरू झालेलंच नाही.

आणि शोध सुरू करण्याआधी ते आडनाव आहे का, हेही बघावं. सांगलीचा आयर्विन पूल, १९२९ चा. आयर्विन, आयर्व्हिन हे स्कॉटलंडात खरंखुरं आडनाव आहे, एअरशरमध्ये त्या नावाचं गाव आणि नदी आहे, त्यावर पानंच्या पानं लिहिता येतील. पण ज्या व्हाइसरॉयचं नाव पुलाला आहे त्याची ती पदवी होती. आडनाव वुड, घराणं यॉर्कशरचं.